सोमवारचं वजन

आईच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हृदय कमजोर झालं की शरीरात पाणी साठतं, आणि ते सगळ्यात आधी वजनात दिसतं, हे मला ती पहिल्यांदा हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा कळलं. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं: मीठ कमी, पाणी मोजून, साठलेलं पाणी उतरवणारी गोळी न चुकता, रोज सकाळी वजन. वजन एकदम वाढलं तर लगेच फोन करा.

रोज सकाळी तिचं वजन कोण बघणार, हा प्रश्न होता. आई फरीदाबादला, मी नोएडाला. नकाशात ही दोन शहरं समोरासमोर आहेत, मधे फक्त यमुना. पण ती ओलांडायला कालिंदी कुंजच्या पुलाचा वळसा घ्यावा लागतो, आणि त्या पुलावर किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही. वडील पुण्याहून फरीदाबादच्या एका ट्रॅक्टर कारखान्यात आले तेव्हा नोएडात बरीचशी शेतंच होती. मी नोकरीला लागले तोवर तिथं काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि माझ्या बरोबरीचे सगळे तिकडेच चालले होते. मीही गेले. आधी भाड्याची खोली, मग सोसायटीत फ्लॅट, मग जरा मोठा फ्लॅट. वडील गेल्यावर मी आईला म्हटलं, इकडे ये राहायला. ती म्हणाली, "तुमच्या बाल्कनीतून खाली बघितलं की मला गरगरतं. आणि तुमच्याकडे कुणी बेल वाजवत नाही गं. वाजलीच तर कुरियरवाला."

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्टची वेळापत्रकं सांभाळते. कुठलं काम कुठं अडलंय ते एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे, हेच माझं काम. आईच्या बाबतीतही मी तेच केलं. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तातल्या वस्तू बघून घेतल्या: फोनला जोडला जाणारा वजनकाटा, तसाच बीपीचा पट्टा, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा, आणि झाकण उघडलं की तशी नोंद करणारी गोळ्यांची डबी. माझा जुना फोन चार्जरला लावून देवघराशेजारी ठेवला. या सगळ्या वस्तू त्या फोनशी बोलायच्या आणि तो फोन माझ्याशी. माझ्या अ‍ॅपवर आईच्या नावापुढे एक ठिपका असायचा. सगळं ठीक असलं की हिरवा, जरा बिघडलं की पिवळा, फार बिघडलं की लाल.

आईला शिकवायला एक दुपार पुरली. वजनकाट्यावर अनवाणी उभं राहायचं, आकडा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे शाळेसारखी हजेरी. येस बाई."

"आई, सीरियसली घे."

"घेतलं की. हे बघ, श्वाससुद्धा घेत नाही."

पूर्वी मी तिला रोज सकाळी ऑफिसला निघताना फोन करायचे. कशी आहेस, झोप लागली का, पाय सुजलेत का. अ‍ॅप आल्यावर त्या प्रश्नांची उत्तरं आधीच हातात असायची. मग ठिपका पिवळा झाला तरच फोन करायचा, असं कधी होऊन गेलं ते मला कळलंही नाही. आईला कळलं होतं. एकदा मी चार दिवसांनी फोन केला तर म्हणाली, "हल्ली मी हिरवीगार असते वाटतं."

मी हसले. वेळ वाचत होता आणि देखरेख आधीपेक्षा चांगली होत होती. आणि शिवाय रविवार होताच.

रविवार आईचा होता. तिची एक मैत्रीण दिल्लीत मुनिरक्याला राहायची. वडील नोकरीत नवे होते तेव्हा आई-वडील काही वर्षं दिल्लीत एका सरकारी क्वार्टरमध्ये पोटभाडेकरू होते. तिथं शेजारी राहणारी ही. तिचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी मुनिरक्याला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. पुढे तेही गेले. मला ती लहानपणापासून मुनिरक्याची मावशी. दोघींची भेट दर रविवारी ठरलेली. आजारी पडेपर्यंत आई मेट्रोनं एकटी जायची. आता कालकाजीला गाडी बदलताना जे चालावं लागतं ते तिला झेपेना, म्हणून मी नेऊ लागले.

मी सकाळी नोएडाहून निघायचे, फरीदाबादला आईला घ्यायचे, मुनिरक्याला सोडायचे. त्या दोघी बोलत बसल्या की मी माझ्या यादीतली कामं उरकायचे: ड्रायक्लीनर, चष्म्याचं दुकान, मार्केटमधून ओला नारळ आणि कोकम. जेवणानंतर आईला घेऊन परत. तिला फरीदाबादला सोडून दिवे लागायच्या आत मी घरी. आई वेळेवर तयार असायची. गाडीत बसायच्या आधी सीटवर एक जुनी शाल चौघडी करून अंथरायची आणि मग बसायची. मला वाटायचं, सीट गार लागत असेल.

गडबड दिसायला लागली ती सोमवारी. शनिवारपर्यंत वजन जिथल्या तिथं असायचं. सोमवारी सकाळी ठिपका पिवळा. वजन किलोभर वर, कधी त्याहून जास्त. मग आठवडाभरात हळूहळू खाली यायचं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा वर. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता.

करवत दिसल्यावर कारण शोधायला मला वेळ लागला नाही.

"आई, रविवारी तिथं काय खातेस?"

"जेवण. वरण, भात, भाजी."

"लोणचं?"

"बोटावर एवढंसं."

"पापड?"

"अगं, पापडाशिवाय वरणभात म्हणजे हॉस्पिटलच झालं की."

मी मावशीला फोन केला. वरणात मीठ घालू नका, लोणचं-पापड टेबलावरच आणू नका, असं अगदी नीट, एकेक मुद्दा सांगितला. मावशी म्हणाली, "बाई गं, आता मी तिला तुरुंगातल्यासारखं वाढते. कैद्याला निदान डाळीत मीठ असतं." पुढच्या रविवारी दोघींनी खरंच अळणी जेवण केलं. सोमवारी ठिपका पिवळा.

मग मी ठरवलं की आई खोटं बोलतेय. किंवा मावशी. किंवा दोघी. दोन म्हाताऱ्या माझ्या पाठीमागे पापड भाजताहेत असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. गोळ्यांचा संशय मला आला नाही, कारण डबीचं झाकण रविवारीही वेळेवर उघडल्याची नोंद होती. तो रकाना तपासून मी केव्हाच बाजूला ठेवला होता.

थंडी सुरू झाली आणि आई पुन्हा दोन रात्री हॉस्पिटलमध्ये राहून आली. सोमवारीच धाप लागली होती. ती घरी आल्यावर मी म्हटलं, "आता काही दिवस रविवार बंद. दगदग होते, खाण्यापिण्याचं पथ्य राहत नाही."

ती काट्याकडे बघत होती. "बरं," म्हणाली. मग, "तिला सांगते तसं."

एवढंच. वाद घातला असता तर मी तिला आलेख दाखवणार होते, तो फोनवर काढून तयार ठेवला होता.

रविवार बंद झाले आणि करवतीचे दाते गेले. पुढच्याच सोमवारी ठिपका हिरवा, त्याच्या पुढच्या सोमवारीही हिरवा. रेघ अशी सरळ की पट्टीनं आखावी. मला किती आनंद झाला ते आज लिहिताना बरं वाटत नाही. ऑफिसात जेवताना मी ती रेघ दाखवली. एका सहकाऱ्याचे वडील लखनऊला एकटे राहायचे. त्याला मी सगळ्या वस्तूंची यादी पाठवली, कुठली कुठं स्वस्त मिळते त्यासकट. तो म्हणाला, "यार, तूने तो कमाल कर दिया." मला ते पटलं होतं. मोकळ्या झालेल्या रविवारी मी झोपायचे, कपाटं आवरायचे. फरीदाबादला जायचे, पण महिन्यातून एकदा, औषधं भरायला.

जानेवारीच्या शेवटी आईचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन घेतला.

"मुनिरक्याची मावशी पुण्याला चाललीये. मुलाकडे. कायमची."

"अरे वा! चांगलं झालं. एकटी किती दिवस राहणार होती."

"हो. फ्लॅट विकलाय."

"व्हिडिओ कॉल करता येईल ना रोज."

"हो, ते आहेच. या रविवारी एकदा जाऊन येऊ या? एकदाच."

मी म्हटलं, "आई, आत्ता कुठे वजन जागेवर आलंय. डॉक्टरांची तारीख पंधरा दिवसांवर आहे, त्यांना रिपोर्ट चांगला दिसू दे. मग नेते."

"तोवर ती नसेल गं."

"मग आपण पुण्याला जाऊ. चलो, ठेवते, सगळे थांबलेत."

फोन ठेवल्यावर मी अ‍ॅप उघडून बघितलं. हिरवा.

डॉक्टरांकडे जाताना मी आलेखाची छापील प्रत नेली. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि करवतीच्या दात्यांवर पेन ठेवलं.

"ये हर मंडे को क्या होता था?"

"संडे को बाहर जाते थे," मी म्हटलं. "खाने में परहेज़ नहीं रहता था. बाहर जाना बंद किया, अब देखिए, बिल्कुल सीधी लाइन."

त्यांनी सरळ रेघ बघितली. मग आईकडे वळल्या. "आंटी, पानी वाली गोली रोज़ लेती हैं?"

"रोज़ लेती हूँ, बेटा."

"कभी छूटती है?"

"बाहर जाना हो उस दिन नहीं लेती," आई म्हणाली, जसं काही हे सगळ्यांना माहीतच असतं. "वो लेने के बाद बार-बार जाना पड़ता है. गाड़ी में कहाँ जाऊँ? और सहेली के यहाँ लैट्रिन नीचे बैठने वाली है, मेरे घुटने नहीं मुड़ते."

"तो उस दिन की गोली?"

"निकालकर अलग पुड़िया में रख देती हूँ. फेंकती नहीं."

मी मराठीत म्हटलं, "पण डबी तर उघडल्याचं दाखवत होती."

"उघडत होतेच की. बाकीच्या गोळ्या कुठून घेणार?"

डॉक्टर हसल्या, रागावल्या नाहीत. "आंटी, लौटकर ले लेतीं. दोपहर में तीन-चार बजे भी चलती है. एक बार पूछ लेतीं मुझसे." मग माझ्याकडे बघून, "घर में बंद मत रखिए इनको. बाहर जाना अच्छा है इनके लिए." त्यांनी चिठ्ठीवर एक ओळ लिहिली: बाहर जाना हो तो गोली लौटकर. माझा छापील कागद घडी करून मला परत दिला.

पार्किंगमध्ये आईनं सीटवर शाल अंथरली आणि बसली. मी गाडी सुरू केली नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? तू घरून यादी काढून निघतेस. त्यात माझं आणखी एक काम."

"मी थांबवली असती गाडी."

ती खिडकीबाहेर बघत होती. आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "एकदा म्हटलं होतं ना तुला. बदरपूरला."

म्हटलं होतं. आमचे रविवार नुकतेच सुरू झाले होते. दिल्लीच्या हद्दीवर, बदरपूरच्या अलीकडे ती म्हणाली होती, जरा कुठे थांबतेस का, जायचंय. डाव्या हाताला पेट्रोल पंप होता. मी म्हटलं होतं, "आई, निघायच्या आधी जाऊन यायचं ना! पाच मिनिटांत पुढे मॉल आहे, तिथं चांगलं असेल." ते पाच मिनिटांचं अंतर त्या दिवशी कापता कापेना. पुढे कुठल्यातरी कामासाठी रस्ता खोदला होता. ती पुन्हा काही बोलली नाही. मॉलपाशी गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, आता नको, चल तशीच, तिच्याकडेच जाऊ. मुनिरक्याला ती उतरल्यावर मला सीट ओली दिसली.

त्यावर आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मी दुसऱ्या दिवशी सीट कव्हर काढून धुवायला दिलं, नवं बसवून घेतलं. मला वाटलं होतं की विषय न काढणं हीच माणुसकी. तिला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून मी किती सफाईनं ते निस्तरलं, असंही वाटलं होतं. पुढच्या रविवारपासून तिनं शाल आणायला सुरुवात केली. गोळी ठेवून द्यायलाही तेव्हापासूनच.

म्हणजे करवतीचा पहिला दाता माझ्या गाडीत तयार झाला होता. मी येत होते म्हणून तिचं वजन वाढत होतं, आणि मी येणं बंद केल्यावर ते स्थिर झालं. त्या सरळ रेघेचा अर्थ एवढाच होता, आणि ती मी ऑफिसभर दाखवली.

"आपण पुण्याला जाऊ," मी म्हटलं. "विमानानं. दोन तासांत."

"विमानात असतं ना गं बाथरूम?"

"असतं."

"मग ते बरं." पण घराजवळ आलो तेव्हा म्हणाली, "जाऊन काय करू? तिच्या सुनेच्या हॉलमध्ये बसून आम्ही दोघी काय बोलणार? मुनिरक्याला आम्ही तुम्हा लोकांवर बोलायचो."

"आमच्यावर काय?"

"ते आता गेलं पुण्याला," ती म्हणाली आणि शालीची घडी उचलून उतरली.

मी दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याला गाठलं. म्हटलं, पापा से पूछना, कौन-सी दवाई किस दिन नहीं लेते, और क्यों. तो म्हणाला, "डिब्बी में सब ग्रीन दिखता है." मी म्हटलं, तरी विचार. त्यानं विचारलं की नाही ते मला माहीत नाही.

मी पुन्हा सकाळी फोन करायला लागले आहे. ठिपक्याचा रंग बघायच्या आधी. आईला ते जरा जड जातं. "काय झालं? लाल झाले का मी?" असं विचारते. इतक्या दिवसांत आमचं बोलणं आकड्यांवरच येऊन थांबलं होतं. आता मी विचारते, काल काय केलंस, आणि ती म्हणते, काय करणार. मावशीशी ती व्हिडिओ कॉलवर बोलते. पण मावशीची सून मागे वावरत असते, म्हणून दोघी हवापाण्यावर बोलून फोन ठेवतात.

रविवारही पुन्हा सुरू केले. पण नेणार कुठं? पहिल्या रविवारी मी म्हटलं, बस गाडीत, आपण नारळ आणायला जाऊ. ती म्हणाली, नारळ आणायला दिल्लीपर्यंत? मी म्हटलं, हो. गोळी परत येऊन घ्यायची असं डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, तरी तिनं मला विचारलं, "घेऊनच निघू का?" आणि माझ्याकडे बघत राहिली.

"घे," मी म्हटलं.

घेतली. वाटेतले पंप, मॉल, मेट्रो स्टेशनची स्वच्छतागृहं मी आदल्या दिवशी बघून ठेवली होती. त्याबद्दल तिला काही बोलले नाही. शाल तिनं अंथरलीच. मीही ती काढ म्हटलं नाही.

बदरपूरच्या अलीकडे, त्याच पंपापाशी, ती म्हणाली, "थांबव गं जरा."

मी इंडिकेटर दिला आणि गाडी आत घेतली. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. पंपावरच्या माणसाकडून स्वच्छतागृहाची किल्ली आणली, कुलूप उघडून आत डोकावले, बरं होतं. परत येऊन तिच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला.

ती उतरली नाही. पदर सारखा केला, माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं.

"नाही लागली," ती म्हणाली. "बघत होते, थांबवतेस का."

रस्त्यावरची रहदारी वाढत होती. ती म्हणाली, "चल आता, नाहीतर जाम लागेल." मी दार लावलं, किल्ली परत देऊन आले, आणि गाडी रस्त्यावर घेतली. पुढं जाऊन ती खरोखरच दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा मी थांबवली. ज्या रस्त्यानं आम्ही मुनिरक्याला वळायचो तो मागे पडला तेव्हा दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

सोमवारी सकाळी वजन जिथल्या तिथं होतं.